राजाचे माप, पॅरिसचे माप आणि प्लांकचा स्थिरांक

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात मांढळ नावाचे गाव आहे. धान आणि मिरची पिकवणाऱ्या या भागाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष गेले ते तेथे सापडलेल्या वाकाटक राजांच्या ताम्रपटांमुळे. असे ताम्रपट म्हणजे बहुधा दानपत्रे. दान जमिनीचे असले की दोन प्रश्न येतातच: जमीन किती, आणि ती कोणाच्या मापाने? वाकाटकांच्या लेखनिकांना हे चांगले ठाऊक होते. दुसऱ्या प्रवरसेनाचा, अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळालेला ताम्रपट पाहा. कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, या राजाने एक हजार ब्राह्मणांना चर्मांक हे गाव दिले. गावाचे क्षेत्र आठ हजार ‘भूमी’ असे अक्षरांत लिहून पुन्हा आकड्यांत ८००० असे कोरले आहे. आज आपण धनादेशावर लिहितो तसेच. आणि त्याला एक विशेषण जोडले आहे: ‘राजमानिक’, म्हणजे राजाच्या मापाने. (नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी तोवर मिळालेले वाकाटकांचे लेख १९६३ मध्ये एकत्र संपादित केले. ज्या शाळेच्या ग्रंथालयात तो खंड असेल तिने तो केवळ इतिहासाच्या कपाटात ठेवू नये.)

कोणतेही मोजमाप एक संख्या आणि एक एकक यांचे मिळून होते, हे आपण आठवीपासून शिकवतो. चम्मकच्या ताम्रपटात संख्या शाबूत आहे; पण ‘भूमी’ म्हणजे किती, हे ज्या राजमानावर ठरत होते ते राजाबरोबर गेले. ८००० हा आकडा दीड हजार वर्षे टिकला, त्याचा अर्थ मात्र टिकला नाही.

हा घोटाळा जुन्या काळापुरताच होता असे नाही. इंग्रजी अमदानीत बंगालचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता, मुंबईचा २८ पौंडांचा म्हणजे १२.७ किलोग्रॅमचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा. नाव एकच, वस्तू तिप्पट. मुंबईची साधी खंडी २० मणांची, ५६० पौंडांची. पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची. ही दुसरी खंडी अजून मेलेली नाही. रुईचे भाव आजही ३५६ किलोग्रॅमच्या खंडीवर बोलले जातात. विदर्भातील कापूस उत्पादकाने क्विंटलचा आणि खंडीचा भाव शेजारी शेजारी वाचला तर त्याला भागाकार येणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

१९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आपल्याकडे मेट्रिक मापे आली तेव्हा हा गोंधळ बराच मिटला. पण ‘कोणाच्या मापाने?’ हा प्रश्न मिटला नाही. तो फक्त पॅरिसला गेला. कुहीच्या बाजारात किलोभर मिरची ज्या वजनाने तोलली जाते ते वजन वैधमापन निरीक्षकाच्या वजनाशी ताडून पाहिलेले असते. निरीक्षकाचे वजन राज्याच्या प्रमाण वजनाशी, आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील वजनाशी जोडलेले असते. दिल्लीतील तो प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजे ५७ क्रमांकाची प्रत. आणि मूळ? ते पॅरिसजवळच्या सेव्र येथे, काचेच्या घुमटांखाली, तिजोरीत. १८८९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच अशी होती की, त्या दंडगोलाचे वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम. राजमानिक आणि हे, यांत तत्त्वाचा फरक काय होता? माझ्या मते काहीच नाही.

दंडगोल ३९ मिलिमीटर उंच आणि तितक्याच व्यासाचा. तिजोरीला तीन किल्ल्या, त्या तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. १९८८ ते १९९२ या काळात त्याची जगभरच्या प्रतींशी तुलना केली तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सरासरीने सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. गंमत अशी की प्रती जड झाल्या की मूळ हलके झाले, हे सांगण्याची सोयच नव्हती. व्याख्येप्रमाणे मूळ नेहमी बरोबरच!

यातून सुटका केली ती बारावीचे विद्यार्थी डोळे मिटून पाठ करतात त्या एका संख्येने. प्लांकचा स्थिरांक, ज्याला आपण ‘एच’ म्हणतो. एक अणूच्या जगातला, दुसरा मुठीत मावणारा धातूचा तुकडा. यांचा संबंध जोडणारा दुवा म्हणजे मिती. परीक्षेत एका गुणापुरती विचारली जाणारी ही गोष्ट इतिहासात किती ठिकाणी निर्णायक ठरली ते पाहण्यासारखे आहे.

मितीचा हिशेब

भौतिक राशींना मिती असते आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंची मिती सारखीच असली पाहिजे, हा विचार फूरिये याने १८२२ मध्ये उष्णतेवरील आपल्या ग्रंथात मांडला. सोयीसाठी वस्तुमानासाठी व, लांबीसाठी ल आणि काळासाठी क ही अक्षरे घेऊ. मग वेग ल/क, बल वल/क², ऊर्जा वल²/क². वारंवारता म्हणजे १/क. प्लांकच्या सूत्रानुसार ऊर्जा म्हणजे एच गुणिले वारंवारता. तेव्हा एचची मिती वल²/क.

फळ्यावर हे लिहून थांबू नये. विद्यार्थ्यांना विचारावे, हीच मिती आणखी कशाची? संवेग (वल/क) गुणिले अंतर (ल), म्हणजे कोनीय संवेग: वल²/क. ऊर्जा गुणिले काळ: वल²/क. यामिकीत जिला ‘क्रिया’ म्हणतात तीही हीच. एकाच मितीचे हे तीन चेहरे आहेत, आणि पुंज भौतिकीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत एकेका शास्त्रज्ञाने यांतला एकेक चेहरा ओळखला.

पुंज सापडण्याआधीचा स्थिरांक

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. हा स्थिरांक प्लांकला पुंजकल्पनेच्या आधी सापडला. मे १८९९ मध्ये प्रशियन अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने तापलेल्या कृष्ण पदार्थाच्या प्रारणासाठी व्हीनचे सूत्र घेतले होते. त्यात दोन स्थिरांक होते. त्यांतल्या एकाची किंमत मोजमापांवरून ६.८८५ भागिले १० चा २७ वा घात, इतके अर्ग-सेकंद आली. हाच पुढचा एच. ऊर्जा तुकड्यांनी मिळते ही कल्पना त्या वेळी त्याच्या मनातही नव्हती. ती आली १४ डिसेंबर १९०० च्या व्याख्यानात, सुधारलेल्या सूत्राबरोबर. तेव्हा किंमत ६.५५ झाली. आजची किंमत ६.६२६ आहे, म्हणजे तेव्हाची चूक एक टक्क्याच्या आसपास.

मग १८९९ मध्ये प्लांकला या स्थिरांकाचे महत्त्व कशात वाटले? एककांत! त्याने पाहिले की हा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक असे तीन हाताशी असले की लांबी, वस्तुमान आणि काळ यांची एकके बनवता येतात, आणि त्यासाठी कोणत्याही राजाची काठी किंवा कोणताही दंडगोल लागत नाही. करून पाहू. गुरुत्व स्थिरांकाची मिती ल³/वक². एचने गुणले की व उडून जातो आणि ल⁵/क³ उरते. प्रकाशवेगाच्या घनाने, म्हणजे ल³/क³ ने, भागले की ल². वर्गमूळ काढा, लांबी मिळाली. वस्तुमानासाठी एच गुणिले प्रकाशवेग भागिले गुरुत्व स्थिरांक असे करावे; व² येते. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकतो आणि त्याला ते करू द्यावे.

प्लांकने लिहिले की ही एकके सर्व काळांना आणि सर्व संस्कृतींना, पृथ्वीबाहेरच्या आणि मानवेतर संस्कृतींनासुद्धा, सारखीच लागू पडतील. एरवी मोजके बोलणाऱ्या माणसाचे हे वाक्य आहे. लांबीचे एकक आले १० चा ३३ वा घात भागिले ४.१३ सेंटिमीटर, असे उलटे कोणी लिहील तर त्याला सांगावे: ४.१३ भागिले १० चा ३३ वा घात. कल्पनेपलीकडे लहान. वस्तुमानाचे एकक मात्र सुमारे ५५ मायक्रोग्रॅम आले, म्हणजे चांगल्या तराजूला जाणवेल एवढे. पॅरिसच्या प्रतींतला फरकही जवळजवळ इतकाच निघाला होता. पण तो निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नये.

अशी कल्पना मांडणारा प्लांक पहिला नव्हे. आयर्लंडच्या जॉन्स्टन स्टोनी याने १८७४ मध्ये विद्युतप्रभाराचे एकक घेऊन असाच प्रयत्न केला होता. त्याच्याही आधी, १८७० मध्ये, मॅक्सवेलने म्हटले होते की टिकाऊ प्रमाणे हवी असतील तर ती पृथ्वीच्या आकारात किंवा भ्रमणात न शोधता रेणूंच्या तरंगलांबीत, कंपनकाळात आणि वस्तुमानात शोधावीत.

अणूला आकार कोणी दिला?

मितीच्या हिशेबाने सर्वांत मोठे काम केले ते १९१३ मध्ये, नील्स बोरच्या हातून. रदरफर्डच्या अणूत मध्ये केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन. पण हा अणू अमुक एवढाच का? ग्रहमाला कितीही मोठी असू शकते. बोरने साधा प्रश्न विचारला: इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि त्याचे वस्तुमान एवढेच हाताशी असेल तर त्यांतून लांबी तयार होते का?

जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत प्रभाराचा वर्ग म्हणजे बल गुणिले अंतराचा वर्ग, मिती वल³/क². त्याला वस्तुमानाने भागले तर ल³/क² उरते. क काही केल्या जात नाही, कारण तो घालवायला दुसरे काहीच नाही. म्हणजे जुन्या भौतिकीत अणूला स्वतःचा असा आकार असणे शक्यच नव्हते. आता एच आत आणा. एचचा वर्ग म्हणजे व²ल⁴/क². त्याला वस्तुमान गुणिले प्रभाराचा वर्ग, म्हणजे व²ल³/क², याने भागा. उरला फक्त ल! बोरने आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच हे नोंदवले की या नव्या स्थिरांकाची मिती आणि परिमाण असे आहे की, त्यातून हव्या त्या मानाची लांबी ठरू शकते. कक्षा, उड्या, वर्णपटाच्या रेषा हे सारे त्यानंतर.

व्हिएन्नाचा आर्थर हास १९१० मध्येच या संबंधाच्या जवळ पोचला होता, पण उलट्या दिशेने. तो अणूच्या आकारावरून एच काढू पाहत होता. आणि एच हा कोनीय संवेगाचा तुकडा आहे हे १९१२ मध्ये इंग्लंडच्या निकल्सनने म्हटले. मितीचा दुसरा चेहरा तो हा.

येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. वरच्या सूत्रात एच तसाच घातला तर लांबी येते सुमारे २१ अँगस्ट्रॉम. हायड्रोजनच्या अणूची खरी त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम. चाळीसपट फरक! कारण खऱ्या सूत्रात ४ गुणिले पायचा वर्ग, म्हणजे ३९.५, याने भागावे लागते, आणि शुद्ध संख्येला मिती नसते. मितीचा हिशेब अणूला आकार असायला हवा हे सांगतो, तो कोणत्या राशींवर अवलंबून असेल हे सांगतो. पाय आणि दोन यांच्याविषयी तो मुका असतो. तिथे सिद्धांतच हवा. मितीवरून सूत्रे ‘सिद्ध’ करण्याची सवय आपल्या मार्गदर्शक पुस्तकांनी लावली आहे, ती या एका उदाहरणाने सुटावी.

तिसरा चेहरा, अंतर गुणिले संवेग, आपल्याकडच्या माणसाने ओळखला. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची स्थाने आणि त्यांचे संवेग मिळून होणाऱ्या अवकाशाचे एचच्या घनाएवढे तुकडे पाडले आणि कोणत्या तुकड्यात किती कण बसतात ते मोजले. प्लांकचे सूत्र त्यांतून सरळ बाहेर पडले. तीन दिशा, म्हणून घन. चर्मांकची जमीन आठ हजार भूमींत मोजली गेली तसे हे क्षेत्र एचमध्ये मोजले गेले, आणि हे माप राजाने ठरवलेले नव्हते.

पुन्हा किलोग्रॅम

एवढे होऊनही बाजारातला किलोग्रॅम शंभर वर्षे सेव्रलाच राहिला. तत्त्व ठाऊक असणे वेगळे आणि पुरेसे अचूक मोजता येणे वेगळे. एचमध्ये व आहे, ल आहे आणि क आहे. म्हणून एच ठरवून किलोग्रॅम मिळवायचा तर आधी सेकंद आणि मीटर पक्के हवेत. सेकंद १९६७ मध्ये सिझियमच्या अणूला बांधला गेला, मीटर १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगाला. उरला व.

तो मिळवण्याची युक्ती इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील ब्रायन किबल याने १९७५ मध्ये सुचवली. एका तराजूच्या पारड्यात वजन आहे, आणि दुसऱ्या बाजूला चुंबकीय क्षेत्रात टांगलेले तारेचे वेटोळे वीजप्रवाहाने ते तोलून धरते. नंतर वजन काढून तेच वेटोळे ठराविक वेगाने हलवायचे आणि त्यात निर्माण होणारा विद्युतदाब मोजायचा. दोन्ही समीकरणांतून चुंबकीय क्षेत्र आणि तारेची लांबी या मोजायला अवघड राशी उडतात. उरते ते असे: दाब गुणिले प्रवाह बरोबर वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले वेग. डावीकडे वॅट, उजवीकडेही वॅट.

यात एच कुठे आला? दाब मोजला जातो जोसेफसन परिणामाने: दाब म्हणजे वारंवारता गुणिले एच भागिले प्रभाराची दुप्पट. प्रवाह काढण्यासाठी लागणारा रोध मोजला जातो फॉन क्लिट्झिंग याने १९८० मध्ये शोधलेल्या परिणामाने: एच भागिले प्रभाराचा वर्ग. दाबाचा वर्ग भागिले रोध करून पाहा. इलेक्ट्रॉनचा प्रभार वरखाली उडून जातो आणि शक्ती येते एच गुणिले वारंवारतेचा वर्ग भागिले ४. मिती तपासा: वल²/क गुणिले १/क², म्हणजे वल²/क³, म्हणजेच वॅट. धातूच्या वजनाचे समीकरण एचशी जुळले.

किबल तराजूंनी काढलेली आणि सिलिकॉनच्या गोळ्यातील अणू मोजून काढलेली एचची किंमत काही वर्षे एकमेकींशी जुळत नव्हती. ती जुळल्यावर १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे मतदान झाले आणि २० मे २०१९ पासून एचची किंमत ६.६२६०७०१५ भागिले १० चा ३४ वा घात, इतके ज्यूल-सेकंद अशी कायमची ठरवून टाकण्यात आली. पूर्वी किलोग्रॅम ठरलेला होता आणि एच मोजला जात असे. आता एच ठरलेला आहे आणि किलोग्रॅम मोजला जातो.

मग एचची किंमत निसर्गाने ठरवली की आपण? वर्गात हा प्रश्न जरूर टाकावा, आणि उत्तराऐवजी एक उदाहरण सोडवायला द्यावे. वस्तुमान बंगाली मणात (३७.३२ किलोग्रॅम), लांबी १८ इंची हातात (०.४५७२ मीटर) आणि काळ घटकेत (१४४० सेकंद) मोजला तर एच किती? उत्तर १.२२ भागिले १० चा ३१ वा घात, मण-वर्गहात प्रति घटका. आकडा पार बदलला, निसर्ग तोच राहिला. आता दुसरी राशी घ्या, झोमरफेल्डने १९१६ मध्ये पुढे आणलेली: प्रभाराचा वर्ग भागिले प्रकाशवेग आणि एच यांचा गुणाकार, गुणिले दोन पाय. हिला मिती नाही. ती मणात काढा, किलोग्रॅममध्ये काढा किंवा वाकाटकांच्या मापाने काढा, उत्तर नेहमी सुमारे १/१३७ येईल. ‘एच कोट्यवधी वर्षांत बदलला का’ असे आता विचारता येत नाही, कारण तो आपणच बांधून टाकला आहे; ‘१/१३७ बदलला का’ असे विचारता येते, आणि दूरच्या तारकासमूहांचा प्रकाश तपासून शास्त्रज्ञ ते विचारतही असतात.

गुरुत्व स्थिरांक मात्र या साऱ्यापासून दूर राहिला आहे. त्याची किंमत अजून एक लाखात दोन भाग इतक्याच अचूकतेने ठाऊक आहे, म्हणून प्लांकच्या १८९९ च्या एककांवर बाजार चालवता येणार नाही. सेव्रचा दंडगोल अजूनही तिजोरीतच आहे. २० मे २०१९ रोजी त्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम, अनिश्चितता सुमारे १० मायक्रोग्रॅम, असे नोंदवण्यात आले. यापुढे त्याला इतर वस्तूंप्रमाणे तराजूवर चढावे लागते.